दारूही आहे आणि डिप्रेशनही. खिशाला परवडेल अशी मदत शोधायची कुठे?

कवडसा
मोठ्या भावाबद्दल लिहितेय. नाव-गाव मुद्दामच देत नाही. दादा बरीच वर्षं पितो, पण आता सकाळीही लागते. उठल्या उठल्या हात थरथरतात, थोडी पोटात गेली की थांबतात. नोकरी अजून आहे, किती टिकेल माहीत नाही. आणि दारूच्या आधीपासून की नंतर, ते सांगता येणार नाही, पण माणूस आतून पार खचलाय. झोप नाही, कशात लक्ष नाही. परवा वहिनीला म्हणाला, "माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही."

वहिनी त्याला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, आधी दारू सुटू दे, मग डिप्रेशनचं बघू. व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला, तर ते म्हणाले की आधी मानसिक आजाराचं बघा, असे पेशंट आम्ही घेत नाही. दुसऱ्या एका केंद्राने महिन्याचा खर्च सांगितला, तो ऐकून वहिनीने फोनच ठेवला. घर सध्या तिच्या एकटीच्या पगारावर चाललंय.

कोणी या चक्रातून गेलं असेल तर सांगा. सुरुवात नक्की कोणत्या दारातून करायची?

केसपेपर
ताई, मी एका जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे. बाकीचं नंतर लिहिते, आधी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा. दादांची दारू एकदम बंद करू नका. बाटल्या ओतून देणं, खोलीत कोंडणं, शपथा घालणं, काही नको.

सकाळची थरथर म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाची दारू अचानक तुटली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, घाम फुटतो, ताप चढतो, आपण कुठे आहोत याचं भान जातं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. असं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या आणि "शेवटची दारू अमुक वाजता घेतली" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

दारू उतरवण्याच्या या टप्प्याला (आम्ही डीटॉक्स म्हणतो) महागडं केंद्र लागतंच असं नाही. जनरल हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डातही ते होतं. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देऊन डोस हळूहळू उतरवतात, सोबत थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. सगळी जुनी, स्वस्त औषधं. थायामिनबद्दल स्वतःहून विचारा. रोज पिणाऱ्यांत त्याची कमतरता असते, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

आता "आधी हे, मग ते" याबद्दल. त्यात अर्धं तथ्य आहे. दारूमुळेच आलेली उदासी बऱ्याच जणांत दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत निवळते, म्हणून डॉक्टर निदानाची घाई करत नाहीत. पण निदान लांबवणं वेगळं आणि पेशंट परत पाठवणं वेगळं. दोन्ही एकत्र असणं अपवाद नाही, आमच्या ओपीडीत रोजचंच आहे. उपचारही दोन्हींचे एकाच वेळी करतात. फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा: "दारू आणि डिप्रेशन, दोन्ही तुमच्याकडे एकत्र बघतात का?" नाही म्हणाले तर पुढची माहिती विचारत बसू नका, पुढचा नंबर लावा.

आणि ते "अडणार नाही" वाक्य. ते सोडून देऊ नका. वहिनींनी किंवा तुम्ही, ज्याच्याशी तो बोलतो त्याने, सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंयस का?" विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उत्तर "हो" आलं किंवा काही ठरवलेलं निघालं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तोवर घरातला गोळ्यांचा साठा, कीटकनाशकं असलं काही असेल तर हलवा.

साधासुधा
+१. हा प्रतिसाद कोणीतरी वर चिकटवून ठेवा.

आजचा_दिवस
मी स्वतः दारुडा. सध्या कोरडा आहे, मीटिंगला जातो. तुमच्या दादासारखीच सकाळ माझीही होती, म्हणून लिहितोय.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारुड्यांच्याच मदतगटात एक पैसा लागत नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दारूने पोळलेले दोन जण, एक शेअरदलाल आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. सभासद होण्याची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. शेवटी पेटी फिरते, टाकायचे तर टाका. नाव विचारत नाहीत. ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात, क्लोज्डला फक्त ज्याचा प्रश्न आहे तो. दादा यायला तयार नसेल तर वहिनींना एकदा ओपन मीटिंगला बसू दे. ऑनलाइनही चालतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

एकच सांगणं. पहिला गट आवडला नाही म्हणून सोडू नका. गटागटात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मला पहिल्या ठिकाणी भाषणंच ऐकू आली, दुसऱ्या ठिकाणी माणसं भेटली. आणि केसपेपर ताई म्हणतात ते खरं, मीटिंग म्हणजे डीटॉक्स नाही. आधी डॉक्टर.

तर्कट
एएमध्ये देव, उच्चशक्ती, शरण जाणं हे सगळं येतं; असल्या गोष्टींनी आजार बरा होतो हे मला पटत नाही. फुकट आहे म्हणून काहीही सुचवायचं का? पुरावा काय?

केसपेपर
पुरावा आहे. २०२० साली कॉक्रेनने (वैद्यकीय पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) जुने अभ्यास एकत्र करून तपासले. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ठरावीक पद्धतीने एएशी जोडून दिलेले लोक सीबीटीसारख्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या) मानसोपचारांच्या तोडीस तोड निघाले, बऱ्याच तुलनांत थोडे पुढेच. का चालतं, यावर वाद घाला. पण त्याचं बरंचसं श्रेय पिणाऱ्यांचं मित्रमंडळ बदलण्याला जातं. देव मानवत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी आहे, १९९४ पासूनची; तिथे देवाचा उल्लेख नाही, सीबीटीतली साधनं वापरतात आणि ऑनलाइन गट असतात. दादांना काय रुचेल ते त्यांना ठरवू द्या.

तर्कट
आकडे मान्य. शरण जाण्याबद्दलचं मत कायम.

आजचा_दिवस
आमच्या गटात तुमच्यासारखे दोघं-तिघं आहेत, दर वेळी हेच बोलतात आणि दर वेळी येतात :)

जुनाजाणता
एवढा घोळ कशाला? दारू सोडवायची गोळी मिळते. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी नवऱ्याला कळू न देता जेवणातून दिली. प्यायला की उलट्या व्हायच्या. सुटली.

केसपेपर
काका, हे कृपा करून कोणी करू नका. ती गोळी बहुतेक डायसल्फिराम असणार. तिच्यावर दारू प्यायल्यास नुसत्या उलट्या होत नाहीत. चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो, हृदय किंवा लिव्हर आधीच खराब असेल तर जिवावर बेततं. हे औषध फक्त त्यालाच देतात ज्याला ते काय आहे ते माहीत आहे आणि जो ते स्वतःहून घेतोय. शेवटची दारू घेऊन किमान १२ तास झाल्याशिवाय सुरू करत नाहीत, आधी लिव्हरच्या तपासण्या होतात. काही जण खोकल्याचं औषध घेऊन किंवा आफ्टरशेव्ह लावूनही आजारी पडतात, कारण त्यातही अल्कोहोल असतं. चोरून दिलेल्या माणसाला हे टाळायचं कसं कळणार? आणि बायकोने ताटात औषध घातलं हे कळल्यावर तो पुढची औषधं तिच्या हातून घेईल का?

ओढ कमी करणारी औषधं वेगळी आहेत: नॅल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. दोन्ही जेनेरिक मिळतात, चिठ्ठी मात्र डॉक्टरचीच हवी. अफूजन्य औषध चालू असलेल्याला नॅल्ट्रेक्झोन दिलं तर तीव्र विथड्रॉवल (औषध एकदम तुटल्यासारखा त्रास) होतं, म्हणून दुसरी कसली गोळी चालू असेल तर लपवू नका.

जुनाजाणता
बरं बुवा. माझे शब्द मागे घेतो. त्या बाईंचं नशीब म्हणायचं.

कवडसा
सगळ्यांचे आभार. जीव द्यावासा वाटतो का, हे मी दादाला काल सरळ विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की झोपेतच संपलो तर बरं असं वाटतं, पण काही करायचं ठरवलेलं नाही. घरातल्या गोळ्या वहिनीने तिच्या माहेरी नेऊन ठेवल्या. अडचण आता अशी की तो "मला काही झालेलं नाही" म्हणून कुठेच यायला तयार नाही. वहिनी दमलीय. काल म्हणाली, पुढच्या वेळी तो पडला की मी उचलणार नाही.

पायरी
वहिनींना माझा नमस्कार सांगा. मी त्याच जागी होते, नवऱ्याच्या बाबतीत. मला जे उपयोगी पडलं त्याला क्राफ्ट म्हणतात. थोडक्यात: पिणाऱ्याला न्यायच्या आधी घरच्या माणसाला शिकवायचं. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात उपचाराला तयार नसलेल्यांच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मदत केली. क्राफ्टने ६४ टक्के पिणारे उपचारापर्यंत आले, सगळ्यांनी मिळून अचानक घेरून सुनावण्याच्या पद्धतीने ३० टक्के, आणि घरच्यांना अल्-अ‍ॅनॉनला जोडून दिल्याने १३ टक्के. अल्-अ‍ॅनॉनला नावं ठेवत नाहीये हं. १९५१ पासूनची ती घरच्यांची संघटना आहे, तिचा हेतू पिणाऱ्याला आणणं हा नाहीच, घरच्यांना सावरणं हा आहे. मला तिनेच सावरलं. दोन्ही कामं वेगळी.

प्रत्यक्षात काय करायचं? तो शुद्धीत असेल, बरा वागत असेल, तेव्हा त्याच्याजवळ बसा, त्याला आवडतं ते करा. प्यायलेला असताना वाद नाही, समजावणं नाही, दुसऱ्या खोलीत जा. दारूचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्या: ऑफिसात खोटा फोन नाही, उधारी फेडणं नाही. पण जिथे जिवाला धोका आहे तिथे हे लागू नाही. वहिनी जे म्हणतात ते "उचलणार नाही", त्याचा अर्थ चादर बदलणार नाही असा असू दे, उताणा पडलेल्याला कुशीवर वळवणार नाही असा नको. उलटी श्वासनलिकेत जाऊन माणसं जातात. आणि तो मारहाण करत असेल तर आधी वहिनी आणि मुलांची सुरक्षितता, बाकी सगळं दुय्यम.

मग संधीची वाट बघायची. स्वतःच्याच वागण्याची लाज वाटली, तब्येतीची भीती वाटली, असा एखादा क्षण येतोच. त्या वेळी डॉक्टरचं नाव, वार, वेळ तयार हवी. "चल, उद्या दहा वाजता ओपीडी आहे" असं म्हणता आलं पाहिजे. आठवड्यानंतरची अपॉइंटमेंट असेल तर तोवर मन बदलतं.

साधासुधा
यात एक भर. "व्यसनासाठी चल" म्हटलं की माणूस बिथरतो. झोप लागत नाही, हात थरथरतात, पित्त होतं, यातली जी तक्रार त्याला स्वतःला छळते ती घेऊन साध्या फॅमिली डॉक्टरकडे न्या. डॉक्टरला आधी फोन करून खरं काय ते सांगून ठेवा. ही फसवणूक नाही, तक्रार खरीच आहे की.

हिशेबनीस
पैशाचं कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. धाकट्या भावाच्या वेळी सगळे कागद मीच सांभाळत होतो.

पहिलं, निवासी केंद्र हे सगळ्यांना लागत नाही. बहुतेकांचे उपचार घरी राहून, ओपीडीत जाऊन होऊ शकतात. दाखल करणं लागतं ते मुख्यतः डीटॉक्स धोक्याचं असेल तेव्हा, आत्महत्येचा धोका असेल तेव्हा, किंवा घरात राहून सोडणं शक्यच नसेल तेव्हा. तो मोठा आकडा ऐकून "आपल्याला परवडणार नाही" म्हणून उपचारच सोडणारे मी खूप बघितले. तो आकडा राहण्या-जेवणाचा असतो, औषधांचा नव्हे.

दुसरं, शिकाऊ लोकांचा तिटकारा करू नका. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात निवासी डॉक्टर तपासतात आणि वरिष्ठ त्यांच्यावर लक्ष ठेवतात. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतही समुपदेशन केंद्रं असतात, तिथे विद्यार्थी देखरेखीखाली काम करतात. फी नाममात्र किंवा नाहीच. उलट वेळ जास्त मिळतो. माझ्या भावाला खासगीत दहा मिनिटं मिळायची, शिकाऊ मुलीने पाऊण तास ऐकून घेतलं.

तिसरं, खासगी थेरपिस्टला "तुमच्याकडे ऐपतीप्रमाणे फी आहे का?" असं विचारा. पुष्कळांकडे काही जागा तशा राखीव असतात, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारायला लाज वाटते हे मान्य. गटाने चालणारी थेरपी एकट्याच्या सेशनपेक्षा स्वस्त पडते आणि व्यसनात ती कमअस्सल नाही.

चौथं, हॉस्पिटलात पोचलात की मेडिकल सोशल वर्करचा टेबल कुठे आहे ते शोधा. सवलत, धर्मादाय खाट, औषधांची मदत, हे अर्ज तिथून हलतात, बिलिंगच्या खिडकीतून नाही. ऑफिसच्या विम्यात मानसिक आजार आणि व्यसन धरलंय का तेही वाचून बघा, दोन्हींचे नियम वेगळे असतात.

आणि केंद्र निवडायचंच झालं तर पैसे भरायच्या आधी विचारा: डॉक्टर कोण, रोज येतात का? रात्री फिट आली तर काय करता? डिप्रेशनच्या गोळ्या चालू ठेवता की बंद करता? घरच्यांना भेटता-बोलता येतं का? बाहेर आल्यावर पुढे कोण बघतं? जिथे खात्रीने बरं करतो म्हणतात, घरच्यांना महिनाभर भेटू देत नाहीत किंवा माणसाला उचलून न्यायला गाडी पाठवतो म्हणतात, तिथून परत फिरा. त्यांचे दर कितीही कमी असोत.

तर्कट
हे उत्तम. पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकाने दारू सुटते का? शिकाऊ, स्वयंसेवक, हे सगळं "काहीच नाही त्यापेक्षा बरं" या वर्गातलं वाटतं.

केसपेपर
गोव्यात नेमकं हेच तपासून बघितलंय. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी दोन प्रकारचे उपचार दिले. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ सेशन दिली. तीन महिन्यांनी त्यातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार सेशन होती. तिथे ३६ विरुद्ध २६ टक्के जणांचं पिणं आटोक्यात आलं. म्हणजे नैराश्यात फरक मोठा, दारूत माफक. माफक असला तरी खर्चाच्या मानाने वाईट नाही. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांदा यांनी २००६ पासून आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावर आज्यांना समुपदेशनाला बसवलं, त्याचेही निकाल चांगले आले.

मर्यादाही सांगते. तुमच्या दादांसारखं शारीरिक अवलंबित्व असेल तर नुसतं समुपदेशन पुरणार नाही, ताई. ते डॉक्टरच्या जोडीला.

आणखी एक, फुकटचं. ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, जागतिक आरोग्य संघटनेची. ० ते ४० गुण. ८ किंवा त्याहून जास्त म्हणजे पिणं धोक्याचं, २० आणि वर असेल तर अवलंबित्वाची तपासणी हवीच. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, ही नऊ प्रश्नांची. यांनी निदान होत नाही, पण भरून नेलीत तर डॉक्टरांसमोर पहिली दहा मिनिटं वाचतात. आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे, त्यावर शून्य सोडून काहीही असलं तर बेरीज कितीही कमी येवो, डॉक्टरांना दाखवाच.

कवडसा
थोडं पुढे सरकलंय म्हणून लिहिते. साधासुधा म्हणाले तसं झोपेच्या तक्रारीवरून फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात बघितले, लिव्हरच्या तपासण्या सांगितल्या आणि रिपोर्ट समोर ठेवून दादाशी दार लावून बोलले. काय बोलले माहीत नाही. बाहेर येऊन म्हणाला, "दाखल व्हायचं तर आत्ताच होतो, उद्या नाही व्हायचो." पायरीताई, तुमचं वाचून वहिनीने जनरल हॉस्पिटलच्या ओपीडीचे वार आधीच लिहून ठेवले होते. त्याच दुपारी मेडिसिन वॉर्डात घेतलं. थायामिन मी विचारलं, नर्स म्हणाल्या ते आधीच लिहिलंय. मानसोपचाराचे डॉक्टर वॉर्डातच येऊन बघून गेले. डिप्रेशनची गोळी आत्ता सुरू करायची की थोडं थांबून, हे पुढच्या भेटीत ठरवणार आहेत, पण तोवर दर आठवड्याला यायला सांगितलंय.

वहिनी ऑनलाइन अल्-अ‍ॅनॉनला बसायला लागलीय. कॅमेरा बंदच असतो.

आता दोन प्रश्न. ऑफिसात काय सांगायचं? आणि घरी आल्यावर पुन्हा प्यायला तर?

हिशेबनीस
ऑफिसात वैद्यकीय रजा म्हणायचं, बस. सर्टिफिकेटवर निदान तपशिलात लिहायलाच हवं असं नसतं, डॉक्टरांना "रुग्णालयात उपचार चालू" एवढंच लिहायची विनंती करा. एचआरला जास्तीचं सांगायचं की नाही ते दादा ठरवतील, तुम्ही नाही.

केसपेपर
पुन्हा प्यायला तर उपचार फुकट गेले असं नाही. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरतात, रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांचे उपचारही साधारण तितकेच बिघडतात. डिस्चार्जच्या आधीच त्याच्याशी बसून ठरवा की घसरलो तर पहिला फोन कोणाला. एखाद-दुसऱ्या वेळी प्यायला तर लपवायला न लावता त्याच आठवड्यात ओपीडीला आणा. सलग काही दिवस प्यायला असेल तर परत स्वतःहून एकदम थांबवू नका, पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा.

आजचा_दिवस
आणि घरी आला की एकटा बसू देऊ नका, विशेषतः ज्या वेळी प्यायला बसायचा त्या वेळी. त्याला हरकत नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा. त्या वेळेला मी रिकामाच असतो.